धागा: आयपॅडचा जुना पॅनेल + कॉलेजचा ओएचपी = घरगुती प्रोजेक्टर (मापांसकट)

कथील

आयपॅड ३ किंवा ४ चा पडदा आणि कॉलेजांनी भंगारात काढलेला ओव्हरहेड प्रोजेक्टर, म्हणजे पारदर्शक शीट ठेवून शिकवायचे तो ओएचपी. पॅनेलमागचा बॅकलाइट, म्हणजे उजेडाचा डबा, काढायचा, उरलेली पारदर्शक काच ओएचपीवर शीटच्या जागी ठेवायची आणि तिचं चित्र भिंतीवर टाकायचं. ही जोडी हाताशी आली की निम्मं काम झालं. दुसऱ्या पडद्यांवर खाली जरूर बोला, पण मी मापं याच जोडीची देतोय.

हाच पॅनेल का? २०१२ च्या या दोन्ही मॉडेलांत ९.७ इंची, २०४८ × १५३६ पिक्सेलचा आयपीएस (तिरकं बघितलं तरी रंग न बिघडणारा) पॅनेल आहे आणि तो पुढच्या टचच्या काचेला चिकटवलेला नाही. त्यामुळे काच फुटलेल्या आयपॅडमधला पॅनेल बहुतेक वेळा धड निघतो. पहिल्या आयपॅड एअरमध्येही तो सुटाच आहे. एअर २ पासून काच आणि पॅनेल एकजीव केलेत, त्यांच्या वाटेला जाऊ नका. ओलेड किंवा ॲमोलेड पडदा इथे चालत नाही. तो स्वतःच उजेड देतो, मागून टाकलेला उजेड त्यातून पलीकडे जात नाही.

चित्राचा भाग १९६.६ × १४७.५ मिमी, एक पिक्सेल ०.०९६ मिमी. मागच्या स्टिकरवर नंबर असतो (एलजीचा असेल तर एलपी०९७क्यूएक्स१ ने सुरू होणारा). एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्टचा ड्रायव्हर बोर्ड (कॉम्प्युटरचं चित्र पॅनेलला देणारा) त्या नंबरासाठीच मागायचा. "रेटिनाला चालतो" (रेटिना म्हणजे ॲपलचं अशा बारीक पडद्यांचं नाव) एवढ्या आश्वासनावर घेऊ नका. एचडीएमआयचा घेत असाल तर तो २०४८ × १५३६ खरोखर ६० हर्ट्झला घेतो ना ते विचारा. जुन्या, १६५ मेगाहर्ट्झवर अडणाऱ्या चिपा हे पेलत नाहीत आणि चित्र आतल्या आत लहान करून पाठवतात. मग एवढा बारीक पॅनेल घेऊन मिळवलं काय?

ओएचपी घेताना दिवा खाली असलेला घ्या. वरच्या काचेखाली गोल रेघारेघांचं प्लास्टिकचं भिंग दिसतं, तेच फ्रेनेल. घडीचे, हलके ओएचपी असतात त्यांत दिवा वरच्या डोक्यात आणि खाली आरसा असतो. त्यात उजेड पॅनेलमधून दोनदा जातो, त्यामुळे ते आपल्या कामाचे नाहीत. पुण्यात जुना बाजार, मुंबईत चोर बाजार, नाहीतर थेट कॉलेजच्या भांडारपालाला गाठा. पॅनेल आणि बोर्डासाठी मुंबईत लॅमिंग्टन रोड किंवा पुण्यात तपकीर गल्ली.

फावला_वेळ

ओएचपी अख्खाच वापरायचा? बहुतेक व्हिडिओंत फ्रेनेल काढून लाकडी पेटी बनवतात.

कथील

अख्खा. पेटी बनवायची हौस असेल तर बनवा, पण ओएचपीत दिव्याची जागा, फ्रेनेलची जोडी, वर-खाली सरकणारं डोकं आणि पुढून पारा चढवलेला आरसा हे सगळं एका रेषेत आयतं मिळतं. घरी ते जुळवताना लोकांचे महिने जातात. १९९० च्या दशकात ओएचपीवर ठेवायचे एलसीडी पॅनेल विकतच मिळायचे, ही काही नवी शक्कल नाही.

भिंगरी

कथीलरावांशी सहमत, आणि त्याला प्रकाशाच्या हिशेबातलंही एक कारण आहे.

पेटीवाले सहसा एक फ्रेनेल एलसीडीच्या मागे आणि एक पुढे लावतात. मागचं एलईडीचा उजेड समांतर करतं, पुढचं तो गोळा करून लेन्सकडे पाठवतं. साध्या ८०० × ४८० च्या पडद्याला हे चालून जातं. पण ०.०९६ मिमीच्या पिक्सेलपुढे अर्धा-अर्धा मिमीच्या खाचांचं प्लास्टिक ठेवलंत तर कोपऱ्यातली अक्षरं विस्कटतात आणि खाचा-पिक्सेल मिळून इंद्रधनुषी पट्टे उमटतात. बारीक पॅनेल असेल तर दोन्ही फ्रेनेल पॅनेलच्या मागे हवीत आणि पॅनेल ते लेन्स या वाटेत हवेशिवाय काही नको. ओएचपीची रचना नेमकी हीच आहे.

यात पॅनेलच्या कडांना उजेड तिरका जातो, कोपऱ्यात साधारण १७ ते १९ अंश. टीएन (स्वस्त पडद्यांतला प्रकार) पॅनेल असता तर रंग उलटेपालटे झाले असते. आयपीएसला एवढा कोन काहीच नाही.

आता अंतरं. ओएचपीच्या लेन्सचं फोकल अंतर बहुधा ३१५-३२० मिमी असतं, तरी मोजून घ्या. ३२० धरून १.६ मीटर रुंद चित्र हवं असेल तर:

मोठेपणा (चित्र पॅनेलच्या किती पट) = १६०० ÷ १९६.६ = ८.१४
लेन्स ते भिंत = ३२० × ९.१४ = सुमारे २.९२ मीटर
पॅनेल ते लेन्स = ३२० × (१ + १/८.१४) = सुमारे ३५९ मिमी

२ मीटर रुंदीला हेच आकडे ३.५८ मीटर आणि ३५१ मिमी होतात. म्हणजे चित्र लहानमोठं करताना पॅनेल ते लेन्स अंतर जेमतेम ८ मिमीने बदलतं. डोक्याचा दात्यांचा स्क्रू ढिला असेल तर आधी तो नीट करा, या ८ मिमीतच सगळा फोकस आहे.

फोकल अंतर मोजायला लेन्स ट्यूबलाइटखाली धरून जमिनीवर प्रतिमा घ्या आणि दोन्ही अंतरांवरून हिशेब करा. फ्रेनेल उन्हात धरू नका. ११ इंची फ्रेनेल दुपारच्या उन्हात क्षणात लाकूड पेटवतं. खोलीत खिडकीपाशी उघडं ठेवून बाहेर जाणं हाही तोच प्रकार, वर कापड टाकून ठेवा.

फावला_वेळ

पॅनेलवर थेट हात घालायच्या आधी: बॅकलाइट काढताना काय मोडतं?

कथील

मोडतात त्या रिबनी. क्रमाने सांगतो.

सोलायच्या आधी पॅनेल बोर्डाला जोडून अर्धा तास चालवा. पांढरा, काळा, लाल, हिरवा, निळा असे सपाट रंग लावून बघा. मेलेला पिक्सेल किंवा उभी रेघ आत्ताच दिसली तर दुकानदाराशी बोलता येतं. सोलल्यावर तुमची बाजू कोण ऐकणार?

मग वीज काढून पॅनेल पालथा, खाली मऊ फडकं. कडेने काळी चिकटपट्टी असते ती हेअर ड्रायर कोमट ठेवून, पट्टी जवळजवळ सपाट मागे दुमडत ओढा. वर उचलून ओढली की काच वाकते. काच दोन पातळ थरांची आहे, कोपऱ्यात टिचली की संपली. खालच्या कडेला सर्किटची पट्टी मागे दुमडलेली असते आणि ती काचेला पातळ फिल्मच्या फितींनी जोडलेली असते, त्या फितींवरच चिपा असतात. बॅकलाइटचा डबा निघाला की ही पट्टी चित्राच्या बाहेर उघडून आणावी लागते, नाहीतर तिची सावली पडते. उघडताना फितीला काचेच्या कडेशी घडी पडू द्यायची नाही. पट्टीखाली दोन मिमी फोमचा आधार देऊन ती काचेच्या पातळीत आणा आणि लगेच त्याच जागी टेकवून टाका. लोंबकळणारी पट्टी पुढच्या हालचालीत फीत तोडते. फितीचा जोड सुटला की तिच्या वाट्याच्या उभ्या रेघा कायमच्या जातात. कुठल्याही सोल्डरिंगने त्या परत येत नाहीत, माझं टोपणनाव कथील असलं तरी.

आतून निघतील: पांढरा परावर्तक कागद, जाड पारदर्शक पाटी, दुधी पत्रा, चमकणारे पत्रे. सगळे जपून ठेवा. काचेच्या दोन्ही बाजूंना चिकटलेले पोलरायझर (एकाच दिशेत कंप पावणारा उजेड जाऊ देणाऱ्या फिल्म) मात्र सोलायचे नाहीत. "आणखी एक संरक्षक फिल्म आहे" असं समजून तो ओढला तर चित्रच नाहीसं होतं.

ओमचा_नियम

उजेडाच्या विजेकडचं मी लिहितो, कारण याच भागात लोक पैसे वाचवायला जातात आणि हात पोळून घेतात.

ओएचपीत बहुधा २४ व्होल्ट २५० वॅटचा हॅलोजन असतो. तो नको, पॅनेल भाजेल. त्या जागी १०० वॅटचा सीओबी (एका पाटीवर अनेक चिपा दाटीने बसवलेला) एलईडी, ६००० ते ६५०० केल्व्हिन. पिवळट ३००० केल्व्हिनचा लावलात तर पांढरं करायला लाल-हिरवं कमी करावं लागतं आणि आधीच तोकडा असलेला उजेड आणखी घटतो.

एलईडीला ठरावीक करंट द्यायचा, व्होल्टेज नव्हे. सीओबी तापला की त्याचं व्होल्टेज उतरतं. पुरवठा ठाम ३४ व्होल्टचा असेल तर करंट वाढतो, त्याने तो आणखी तापतो, करंट आणखी वाढतो, आणि शेवटी चिपवर काळा ठिपका. ४८ व्होल्ट ३ अँपिअरचा एसएमपीएस (घरची वीज डीसी करणारा पुरवठा) आणि त्यापुढे करंट व व्होल्टेज दोन्ही बांधता येणारं बक मॉड्यूल (व्होल्टेज उतरवणारा छोटा बोर्ड) घ्या, १० अँपिअर लिहिलेलं, म्हणजे ३ अँपिअरला ते आरामात चालेल. व्होल्टेजची मर्यादा ३६, करंट सुरुवातीला १.५ अँपिअर. सगळं जुळल्यावर २.८ पर्यंत न्या, ३ च्या वर नको.

भिंतीला लावायचे स्वस्त १०० वॅट ड्रायव्हरही चालतात. पण त्यांत १०० हर्ट्झची लाट राहते. डोळ्याला ती जाणवेल-न जाणवेल, मोबाइलने चित्र काढलं की पट्टे सरकताना दिसतात आणि भरभर हलणारी दृश्यं तुटक वाटतात.

सीओबीतून ६५-७० वॅट उष्णता बाहेर पडते. जुन्या डेस्कटॉपचा तांब्याच्या नळ्यांचा टॉवर हीटसिंक त्याला पुरतो. तळावर एम३ चे (३ मिमी स्क्रूचे) आटे पाडा, थर्मल पेस्टचा पातळ थर, स्क्रू आलटून पालटून आवळा. एका बाजूने आवळला तर सीओबीचा तळ तिरपा बसतो आणि तेवढाच भाग जळतो.

आणखी एक. ओएचपीची वरची काच उघडली की वीज तोडणारा छोटा स्विच असतो, तो काढून टाकू नका. २३० व्होल्टची वायर त्याच्यातूनच एसएमपीएसला द्या. पत्र्याच्या डब्याला अर्थिंग हवंच. जुना जड ट्रान्सफॉर्मर काढलात की एसएमपीएसला त्याचीच जागा मिळते.

पांढरा_पडदा

१०० वॅट एलईडी म्हणजे ९-१० हजार लुमेन (एकूण उजेडाचं माप). दुकानातल्या प्रोजेक्टरवर तीन हजार लिहिलेले असतात. मग हा घरचा जास्त उजळ का नाही?

भिंगरी

कारण मधे पॅनेल बसलाय. पहिला पोलरायझर निम्म्याहून जास्त उजेड खातो. उरलेल्यातला दोन तृतीयांश लाल-हिरव्या-निळ्या फिल्टरांत जातो. पिक्सेलच्या काळ्या चौकटी आणखी निम्मा अडवतात. मागे शंभर टाकले तर पुढे पाच निघतात असं धरून चाला. पिक्सेल जितके बारीक, तितका चौकटींचा वाटा मोठा.

हिशेबच मांडते. ९००० लुमेन. एलईडीवरच्या छोट्या भिंगाने पॅनेलपर्यंत त्यातले ४० टक्के आले तर ३६००. फ्रेनेलच्या जोडीतून २७०० उरले. पॅनेलनंतर १३५, लेन्स-आरशानंतर सुमारे ११५. हे अख्ख्या ४:३ चौकटीचं. १६:९ चा सिनेमा लावलात तर पॅनेलच्या १५३६ पैकी ११५२ ओळीच कामाच्या, म्हणजे ८६ लुमेन.

१.६ × ०.९ मीटरच्या चित्रावर ६० लक्स (दर चौरस मीटरला पडणारे लुमेन) पडतात, साध्या पांढऱ्या पडद्यावर त्यांचे १९ निट्स (डोळ्याला दिसणाऱ्या उजळपणाचं माप) होतात. थिएटरचा मापदंड ४८ निट्सचा आहे. अंधाऱ्या खोलीत १९ निट्सला मजेत सिनेमा बघता येतो, ट्यूबलाइट लावून नाही. २ मीटर रुंदीला १२ निट्स राहतात, तिथे गडद दृश्यं गिळली जातात. म्हणून माझं मत: १.६ मीटर, म्हणजे ७२ इंच. "१५० इंची चित्र" भिंतीवर उमटतं जरूर, बघवत नाही.

पांढरा_पडदा

मग २०० वॅटचा एलईडी?

भिंगरी

वॅटांआधी एलईडीच्या चकतीचा आकार बघा. भिंग आणि फ्रेनेल मिळून त्या चकतीची प्रतिमा लेन्सच्या तोंडाशी बनवतात. उजळणारा भाग २२ मिमी व्यासाचा असेल आणि भिंग ६० अंशांपर्यंतचे किरण गोळा करत असेल, तर लेन्सपाशी ही प्रतिमा सुमारे ५८ मिमी होते. ओएचपीची लेन्स साधारण ८० मिमी, म्हणजे सगळा उजेड आत गेला. ३० मिमीच्या चकतीची प्रतिमा ७९ मिमी होते, अगदी काठोकाठ. त्याहून मोठी चकती घेतलीत तर वाढीव उजेड लेन्सच्या चौकटीवर आपटून डबाच तापवतो. स्वस्त चौकोनी १०० वॅटच्या चिपांचंही हेच रडगाणं, त्यांचे कोपरे बाहेर जातात. लहान चकतीचा, चांगल्या कंपनीचा १०० वॅट सीओबी मोठ्या २०० वॅटवाल्याइतकाच उजेड भिंतीवर पोचवतो, आणि पंखाही हळू चालतो.

याचा आणखी एक फायदा. प्रतिमा ५८ मिमी आहे ना? मग लेन्सपाशी ६० मिमी भोकाचा काळा पुठ्ठा लावा. उजेड जवळपास तेवढाच राहतो आणि लेन्सच्या कडेचे वाकडे किरण अडतात. कोपऱ्यातली सबटायटल लगेच सुधारतात.

फावला_वेळ

ओएचपीची काच मोठी आहे, पॅनेल मधेच ठेवला तर बाजूचा उजेड वाया जातो ना?

भिंगरी

जातो. काच साधारण २८५ × २८५ मिमी असते, त्यातला जेमतेम ३६ टक्के भाग पॅनेल झाकतो. उपाय म्हणजे पॅनेल उंचावर ठेवणं. फ्रेनेलनंतर उजेड लेन्सकडे निमुळता होत जातो, म्हणून पॅनेल ८० मिमी वर घेतला तर तिथला झोत २३३ मिमी चौरस असतो आणि पॅनेल त्याचा ५३ टक्के वापरतो. उजेड जवळजवळ दीडपट.

अर्थात मग लेन्सही ८० मिमी वर न्यावी लागते, म्हणजे फ्रेनेलपासून सुमारे ४४० मिमी. आणि एलईडीची प्रतिमा तिथे पोचवायला एलईडी फ्रेनेलच्या जवळ आणायचा. जोडीचं एकत्रित फोकल अंतर १३५ मिमी असेल तर २१६ चे १९५ मिमी होतील. डोक्याचा दांडा तेवढा लांब नसेल तर त्याच मापाचा पाइप लावून वाढवा.

हे आकडे एलईडीवर भिंग नसतानाचे. भिंग लावलं की एलईडी त्याच्या खऱ्या जागेपेक्षा मागे असल्यासारखा भासतो, म्हणून तो आणखी पुढे सरकवावा लागतो. शेवटी डोळ्यानेच जुळवा: पॅनेल बाजूला काढा, करंट ०.३ अँपिअरवर आणा, लेन्सच्या खालच्या तोंडाशी बटर पेपर धरा आणि एलईडीचा ठिपका सगळ्यात लहान व स्पष्ट होईपर्यंत हीटसिंक वर-खाली करा. म्हणूनच हीटसिंक लांबट भोकांच्या पट्टीवर बसवा, कायमचा चिकटवू नका. एलईडीकडे थेट बघू नका, बटर पेपरच बघा.

कथील

यात भर: ओएचपीत दिव्यावर जाड काचेचं भिंग असतं. नवं ४४ मिमीचं भिंग मागवायच्या आधी तेच लावून बघा. दिव्याखालचा वाटीसारखा आरसा मात्र काढा. सीओबी मागे उजेड टाकत नाही, तो आरसा नुसती जागा अडवतो.

ओमचा_नियम

भिंतीवरचं चित्र बघून दोष कसा ओळखायचा तेही इथेच नोंदवू या:

एक बाजू अंधारी, दुसरी लख्ख: एलईडी मध्यावर नाही.
चारही कोपरे अंधारे: प्रतिमा लेन्समध्ये मावत नाही, किंवा एलईडी फ्रेनेलपासून चुकीच्या अंतरावर.
कडांना पिवळी किंवा निळी झाक: एलईडी-भिंगातलं अंतर. एक-दोन मिमीनेही फरक पडतो.
मध्ये गोल वलयं: पॅनेल फ्रेनेलला फार जवळ. उंचावर घेतलात की जातात.
सगळीकडे राखाडी धुकं, काळा रंग उठत नाही: आतला भरकटलेला उजेड. डोक्यापर्यंत पुठ्ठ्याचा बोगदा करा आणि आतून फळ्याचा काळा रंग द्या, चकचकीत काळा नको.
दुहेरी अक्षरं: डोक्यातला आरसा कुणीतरी साध्या आरशाने बदललेला आहे. साध्या आरशात पुढची काच आणि मागचा पारा, दोघंही आपापलं चित्र पाठवतात.

पांढरा_पडदा

दहा-पंधरा मिनिटांनी मधोमध काळा डाग येतो आणि पसरत जातो, ही तक्रार बऱ्याच ठिकाणी वाचली. पॅनेल जळतो का?

भिंगरी

लगेच नाही. तो डाग म्हणजे द्रवस्फटिक तापून साधा द्रव झाला. मग तो प्रकाशाची दिशा वळवत नाही आणि आयपीएस पॅनेल तिथे काळा पडतो. बंद केलात तर थंड होऊन डाग जातो. पण डाग दिसत असताना चालूच ठेवलात तर पोलरायझर तपकिरी होतो, आणि तो पुन्हा पहिल्यासारखा होत नाही.

एलईडीत उष्ण किरण फारसे नसतात म्हणून लोक गाफील राहतात. पोलरायझर जो उजेड अडवतो त्याचीच उष्णता होते, वेगळी इन्फ्रारेड लागत नाही. काचेचं तापमान ५० अंशांच्या आत ठेवा. पॅनेलच्या दोन्ही बाजूंनी हवा फिरली पाहिजे. ८० मिमी उंचावर ठेवलेल्याचा इथेही उपयोग होतो: बाजूने १२० मिमीचा एक पंखा, १२ ऐवजी ७ व्होल्टवर, अर्धा झोत पॅनेलखाली आणि अर्धा वर. नुसत्या पुठ्ठ्याच्या तुकड्याने झोत विभागता येतो.

बॅकलाइटमधून निघालेले चमकणारे पत्रे जपले असतील तर पोलराइज्ड गॉगल लावून एकेक फिरवून बघा. एखादा पत्रा फिरवताना आरशासारखा होऊन काळवंडला, तर तो परावर्तक पोलरायझर आहे. काही पॅनेलांत असतो. तो पॅनेलच्या आधी, थोडं अंतर सोडून, चित्र जास्तीत जास्त उजळ दिसेल अशा कोनात बसवा. नको असलेला उजेड तो शोषण्याऐवजी मागे परतवतो आणि पॅनेलचा ताप बराच हलका होतो.

फावला_वेळ

चित्र उलटं येणं, आरशातल्यासारखं येणं, याचा घोळ कसा सोडवायचा?

कथील

ओएचपीच्या डोक्यात आरसा आहे म्हणून घोळच नाही. पॅनेलची चकचकीत पुढची बाजू वर, चित्राचा माथा प्रेक्षकांकडे आणि पाया भिंतीकडे. बस्स.

आरसा न वापरता सरळ पेटी केलीत तर पॅनेल डोक्यावर उभा आणि पुढची बाजू एलईडीकडे करायची. पोलरायझर दोन्हीकडे आहेत, पॅनेलला फरक पडत नाही. पुढची बाजू लेन्सकडे ठेवलीत तर डावं-उजवं बदलतं. कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये चित्र फिरवता येतं, आरशासारखं उलटवायची सोय सहसा नसते.

ओमचा_नियम

आणि वर रुंद, खाली अरुंद अशा चित्रासाठी सॉफ्टवेअरची कीस्टोन दुरुस्ती वापरू नका. पिक्सेल ताणून-आवळूनच ती दुरुस्ती होते, मग बारीक पॅनेलचा उपयोग काय.

भिंगरी

कीस्टोन येतो तो डोक्याचा आरसा तिरपा केल्याने. आरसा ४५ अंशांवरच ठेवा आणि चित्र वर न्यायचं असेल तर पॅनेलच सरकवा, प्रेक्षकांच्या दिशेने. १० मिमी सरकवला की भिंतीवर चित्र ८१ मिमी वर जातं, चौकोन चौकोनच राहतो. झोत २३३ मिमीचा आणि पॅनेल १४७ चा, म्हणजे ४० मिमीपर्यंत सरकायला जागा आहे, भिंतीवर ३२ सेंटिमीटर. लेन्स मुळातच २८५ मिमीच्या काचेसाठी बनवलेली, तिला हे जड नाही. ओएचपी वापरायचं हेही एक मोठं कारण, विकतच्या स्वस्त प्रोजेक्टरांत ही सोय नसते.

१०८० पीचा सिनेमा असेल तर तो २०४८ पर्यंत ताणू नका. १९२० × १०८० जसाच्या तसा मधोमध दाखवा. चित्र ६ टक्के लहान होईल, पण एक पिक्सेल एका पिक्सेलवर पडेल आणि अक्षरांच्या कडा कातरल्यासारख्या स्वच्छ दिसतील.

पांढरा_पडदा

४ के हवं असेल तर? सोनीच्या एक्स्पीरिया झेड५ प्रीमियमचा ५.५ इंची पडदा ३८४० × २१६० आहे ना.

भिंगरी

आहे, २०१५ चा फोन. पण पिक्सेल ०.०३२ मिमी. ओएचपीची लेन्स एवढं बारीक कोपऱ्यापर्यंत सोडवत नाही. पॅनेलमधून उजेड आणखी कमी निघतो आणि ८० चौरस सेंटिमीटरवर तेवढीच उष्णता एकवटते. वर ३२० मिमीच्या लेन्सने १.६ मीटर चित्राला साडेचार मीटर अंतर लागतं. त्याला लेन्स, फ्रेनेल, भिंग सगळंच वेगळं हवं. ते करणारे करतात, पण ओएचपीवर नाही.

कथील

रेझिनच्या थ्रीडी प्रिंटरांतले ५.५ इंची पडदेही भंगारात मिळतात, १४४० × २५६०, बॅकलाइट आधीच काढलेले. जुन्या प्रिंटरांतले रंगीत असतात. नंतरच्या प्रिंटरांत मोनो पडदे आले, त्यांत रंगाचे फिल्टरच नाहीत. दुकानदार "टू-के पडदा आहे" एवढंच सांगेल, मोनो की रंगीत ते तुम्ही विचारायचं. शिवाय हे उभे पडदे, कॉम्प्युटरमध्ये ९० अंश फिरवावे लागतात. टीव्हीच्या डब्याला ते जमत नाही.

लॅपटॉपचा १५.६ इंची पॅनेल मात्र ओएचपीच्या काचेबाहेर जातो, ३४४ मिमी रुंद आहे. त्यावरचा खरबरीत थरही उजेड विखुरतो.

फावला_वेळ

कोकणात-गोव्यात पावसाळ्यात हे टिकेल का?

कथील

ओएचपीचा पत्र्याचा डबा टिकतो, एमडीएफची पेटी फुगते आणि मग एलईडीचा मध्य सरकतो. वाढीव दांड्याला लाकूड वापरू नका. लेन्सला बुरशी धरते, म्हणून वापर नसताना डोकं काढून सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर घट्ट डब्यात. पॅनेलला मात्र डब्यात कोंडायची गरज नाही, आठवड्यातून एकदा तासभर चालू ठेवला तरी पुरे. आत येणाऱ्या हवेच्या तोंडाशी पातळ फोमची जाळी लावा. फ्रेनेलवरची धूळ चित्रात दिसत नाही, पॅनेलवरचा एक कण १.६ मीटरच्या चित्रात आठ पट मोठा होऊन बसतो.

ओमचा_नियम

ती फोमची जाळी पंख्याच्या आत ओढणाऱ्या बाजूला लावा, आणि डब्याच्या बाकीच्या फटी पट्टीने बंद करा. नाहीतर जाळी चुकवून हवा फटीतूनच आत येते. जाळी लावल्यावर काचेचं तापमान पुन्हा मोजा, झोत कमी झालेला असतो. ५० ओलांडत असेल तर पंखा ९ व्होल्टवर न्या किंवा एलईडी २.४ अँपिअरवर आणा.

पांढरा_पडदा

२.४ ला चित्र किती मंद होईल?

ओमचा_नियम

२.८ वरून २.४ म्हणजे करंट १४ टक्के कमी, पण एलईडी थंड राहतो म्हणून उजेड त्याहून थोडा कमीच घटतो. शेजारी शेजारी ठेवल्याशिवाय ओळखू येणार नाही.